पहिल्या पायरीवरचं विष

डॉक्टरनं सुई काढली, सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं.

आतलं रक्त लाल नव्हतं. तपकिरी होतं. पातळ काकवीसारखं. ज्याचं ते रक्त होतं तो माझा धाकटा भाऊ मायच्या मांडीवर पडून होता. दोन महिन्यांचाही नव्हता. ओठ निळे, नखं निळी, कानाच्या पाळ्या निळ्या. रडणंसुद्धा थांबलेलं.

डॉक्टर आमच्याशी बोललाच नाही. दारातल्या कंपाउंडरला म्हणाला, "बघून घे. यांचं रक्तच असं. खाणं तसं रक्त."

कंपाउंडर हसला.

मायनं विचारलं, "साहेब, लेकराला झालंय तरी काय?"

"जातीतच आहे ते तुमच्या. त्याला औषध नसतं. घेऊन जा."

मग त्यानं साबण लावून हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. मी मायचा पदर धरून उभी होते, नऊ-दहा वर्षांची. त्या साबणाचा गुलाबी फेस अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ऐंशी साल मागं पडून एक-दोन वर्षं झाली असतील. उन्हाळा होता. तालुक्याच्या गावाहून आम्ही माल वाहणाऱ्या टेंपोतून परत निघालो. वडीगोद्रीला उतरलो तेव्हा भाऊ गेलेला होता. मायला ते वाटेतच कळलं होतं, पण तिनं तोंडातून हूं की चूं काढलं नाही. मेलेलं लेकरू आहे असं टेंपोवाल्याला कळलं असतं तर त्यानं आम्हाला मध्येच उतरवलं असतं. ती त्याला मांडीवर थोपटत राहिली. तिथून गावापर्यंत पायी आलो आणि ओढ्याच्या काठाला त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी मी बाभळीचा काटा घेतला आणि बोटात खुपसला. मला बघायचं होतं. रक्त आलं, लालभडक. मी पुन्हा दुसऱ्या बोटात खुपसला. तिथंही लालच. मायला दाखवायला गेले तर तिनं पाठीत धपाटा घातला.

"माय, माझं तर लाल हाय."

"गप बैस."

"मंग त्याचं काळं कसं?"

तिनं डॉक्टरचं ऐकलं होतं. शिकलेला माणूस, पांढरा कोट, तो कशाला खोटं बोलेल? त्या दिवसापासून माझी माय असं मानून चालली की आपल्या रक्तातच काहीतरी किडकं आहे. लेकरू मेल्याचं दुःख एक, आणि हे दुसरं. पहिलं रडून थोडंफार हलकं होतं. दुसरं होत नाही.

आमचं गाव उंचावर आणि वस्ती उतारावर. कागदावर बौद्धवाडा, गावाच्या तोंडात जुनंच नाव. गाव आणि वस्तीच्या मध्ये दोन गोष्टी होत्या. एक बापूसाहेबांची मोसंबीची बाग. बापूसाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, पंचायतीपासून सोसायटीपर्यंत त्यांचाच शब्द. दुसरी गोष्ट म्हणजे गावाचे उकिरडे. साऱ्या गावाचं शेण, मूत, राख, केर त्या खड्ड्यांत पडायचा. त्याच्या खाली आमचा आड. वरचं सगळं पाणी मुरून खालीच येणार, पाण्याला जात कळत नाही, उतार कळतो.

दिवाळीत गावातल्या बायका उकिरड्यावर दिवा लावायला यायच्या. लक्ष्मी असते म्हणे त्यात. हळदकुंकू वाहायच्या, शेणात पणती ठेवायच्या, हात जोडायच्या. तिथून आमचा आड हाकेच्या अंतरावर. त्याच्याकडे कुणी मान वळवून बघितलं नाही. उकिरड्याचा मान आमच्यापेक्षा मोठा होता. लहानपणी त्या पणत्या मला फार आवडायच्या, हेही खरं आहे.

आडाचं पाणी दिसायला काचेसारखं. वास नाही, गढूळपणा नाही. पण वस्तीत लेकरं निळी पडायची. माझा भाऊ पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हता. उन्हाळा आला की एखादं जायचंच. वस्तीत म्हणायचे, नजर लागली. गावात म्हणायचे, यांची वीणच तशी.

नर्सबाई यायची. भली बाई होती. ती मायला सांगायची, "पाणी उकळून दे लेकराला. जेवढं उकळशील तेवढं चांगलं." माय बापूसाहेबांच्या गोठ्यात शेण काढायला जायची. दिवसभर राबून अंगावरचं दूध आटलेलं. मग पावडरचं दूध, त्याच उकळलेल्या पाण्यात कालवलेलं. आणि माझी माय सांगितलेलं काम अर्ध्यावर सोडणारी नाही. पाणी निम्मं होईपर्यंत ती चुलीवर ठेवायची. सरपण कमी पडलं तर स्वतःची भाकर कच्ची राहू द्यायची, लेकराचं पाणी नाही.

मी शिकले. कसं शिकले ते सांगत बसत नाही, ते वेगळं पुराण होईल. वसतिगृह, शिष्यवृत्ती, एका वेळचं जेवण. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, कारण त्या विषयाला जागा शिल्लक होती. आवड नंतर लागली.

पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत एक बाटली हातात आली. मेथिलीन ब्ल्यू. काचपट्टीवरचे जीव दिसावेत म्हणून त्यांना रंगवायचा निळा रंग. थेंब सांडला की बोटं दोन दिवस निळी. मी ती बाटली वर्षानुवर्षं वापरली. टेबलावर मिठासारखी असायची.

आणि एम.एस्सी.ला असताना ग्रंथालयात एका जाड पुस्तकात तो उतारा वाचला. पाण्यात नायट्रेट फार असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या लेकरांचं काय होतं, त्याबद्दल होतं. लेकरांच्या पोटातले जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तात जातं. मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. लेकरू निळं पडतं. रक्त तपकिरी दिसतं. पाणी उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. औषध: मेथिलीन ब्ल्यू, शिरेतून.

मी ते पान किती वेळा वाचलं माहीत नाही. माझी बोटं तेव्हाही निळीच होती. त्याला औषध नसतं, असं तो डॉक्टर म्हणाला होता. मला ओरडावंसं वाटलं. पण ग्रंथालयात ओरडता येत नाही, आणि ओरडून सांगणार तरी कुणाला? मायला? काय सांगणार? की तू उकळत होतीस तेच विष होतं?

नाही सांगितलं. कितीतरी वर्षं नाही सांगितलं.

पुढं पीएच.डी.साठी शहरातल्या एका कॉलेजात गेले. तिथले सर मोठे अभ्यासक. बोलायला गोड, कधी आवाज चढवला नाही. त्यांच्या विभागात एक रीत होती. जो विद्यार्थी नवा येईल त्यानं वर्षभर सकाळी पाण्याचा माठ भरायचा. सरांपासून शिपायापर्यंत सगळे त्याच माठातलं पाणी प्यायचे. माझ्या आधी आलेल्या प्रत्येकानं भरला होता. मी पहिल्या दिवशी लवकर गेले, माठ घासायला घेतला. सर आले, बघितलं, हसले.

"अगं राहू दे. आता आपण कूलर घेतोय."

त्याच आठवड्यात कूलर आला. माठ मागच्या व्हरांड्यात गेला आणि त्यात कुणीतरी मनीप्लांट लावला. कुणी मला एक शब्द वावगा बोललं नाही. तक्रार करायला जागाच ठेवली नव्हती.

एकदा मी प्रयोग लवकर जमवला तेव्हा सर कौतुकानं म्हणाले, "तुमच्यात शिकणारी ही पहिलीच पिढी ना? मग छानच आहे हे. जनुकांना वेळ लागतो." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

आमचं काम मातीतल्या जीवाणूंचं होतं. नायट्रेट खाऊन त्याचा वायू करणारे जीवाणू. हे काम मला मनापासून आवडायचं, तेव्हा थोडं सांगते. जमिनीत हवा खेळती असली की हे जीव हवाच घेतात, आपल्यासारखी. पाणी साचलं, हवा कोंडली, की ते मरत नाहीत. नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि त्यावर जगतात. चार पायऱ्यांचं काम आहे. पहिल्या पायरीवर नायट्रेटचं नायट्राइट होतं, म्हणजे माझ्या भावाच्या रक्तात गेलं ते. मग एकामागून एक दोन वायू. चौथ्या पायरीवर साधा नायट्रोजन, जो आपल्या भोवती हवेत आहेच, कुणाच्या अध्यात ना मध्यात. प्रत्येक पायरीचं जनुक वेगळं. ज्याच्यात चारही आहेत तो जीवाणू विषाचं काहीच शिल्लक ठेवत नाही. ज्याच्यात पहिलंच आहे तो विष तयार करतो आणि तिथंच थांबतो.

सरांना चारही जनुकं असलेला जीवाणू हवा होता, तोही आपल्या भागातल्या मातीतला. त्यानं खतानं खराब झालेलं पाणी साफ करायचं, असा प्रकल्प. आणि मातीसाठी त्यांनी निवडली बापूसाहेबांची मोसंबीची बाग. बापूसाहेब आमच्या कॉलेजच्या संस्थेवर होते. मी त्याच गावची आहे हे सरांना ठाऊक होतं. "बरंच झालं," ते म्हणाले, "तुला जायला-यायला सोपं."

मी बागेतली माती आणली. उकिरड्याखालची आणली. आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी आमच्या आडातला गाळ आणि पाणीही आणलं.

आडाच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायला घेतलं तेव्हा पिवळा रंग इतका गडद आला की यंत्राला वाचता येईना. पाणी पातळ करून पुन्हा मोजावं लागलं. बागेत युरियाची पोती कशी रिकामी होतात ते मी लहानपणापासून बघत आले होते. वरून उकिरडे. सगळं खाली आमच्या पोहऱ्यात.

मग जनुकं बघितली. मातीतून वाढवलेल्या एकेका जीवाणूत चारांपैकी कोणतं जनुक आहे, ते जेलच्या पारदर्शक वडीवर चमकणाऱ्या पट्ट्यांवरून कळतं, एका जनुकाची एक पट्टी. बागेच्या तळाशी पाणी साचून कुजलेली एक चर होती. तिथल्या एका जीवाणूत चारही पट्ट्या आल्या. सर टाळ्या वाजवत आले. आडाच्या गाळातल्या जीवाणूंत पहिली पट्टी आली, पुढं अंधार. दुसऱ्यात पहिली, पुढं अंधार. तिसऱ्यातही तेच. आणि गंमत अशी की चरीतला तो आणि आडातले हे, दोन्ही एकाच नावाचे निघाले. नाव एक, कूळ एक, अंगात गुण वेगळे. सरांनीच आम्हाला शिकवलं होतं: "नावावरून जनुक सांगता येत नाही. एकाच नावाच्या दोघांपैकी एकात असतं, एकात नसतं. कधी ते आईबापाकडून न येता शेजाऱ्याकडूनही येतं." जीवाणूंबद्दल ज्याला एवढं कळतं, तो माणसांबद्दल पिढ्या मोजत बसतो, याचा मला पहिल्यांदा त्या दिवशी राग आला. खरा राग. आतून उकळलेला.

अहवाल लिहून नेला. सरांनी चाळला आणि आडाच्या पानांवर पेन्सिलनं रेघ मारली.

"हे काढून टाकू."

"का, सर?"

"आपला विषय जीवाणूंचा आहे. पिण्याच्या पाण्याचा नाही."

"सर, ते पाणी लेकरं पितात."

"मोठ्या माणसाला ग्लासभर पाण्यानं काही होत नाही. वाचलंयस ना तू?"

"लेकरांना होतं. माझा भाऊ त्यानंच गेला."

सर चष्मा पुसत म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण तू भावनेनं बघतेस. विज्ञान असं नसतं. आणि बापूसाहेबांची बाग आहे ती. पुढच्या आठवड्यात तिथं शेतकरी मेळावा आहे, आपल्या जीवाणूचा. तुझी पीएच.डी. शेवटच्या टप्प्यावर आहे. समजतं ना?"

समजत होतं. ते काढून टाकलं तर डॉक्टर ही पदवी माझ्या नावापुढं लागणार होती. पण माझ्या घरात तेव्हा एक तान्हं लेकरू येणार होतं.

माझा थोरला भाऊ जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. त्याची बायको, माझी वहिनी, बाळंतपणासाठी मंठ्याला माहेरी गेलेली. मुलगी झाली होती. अंगावर दूध कमी, वरचं सुरू केलेलं. सव्वा महिना संपत आला होता आणि मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी ती लेकीला घेऊन वस्तीवरच्या आमच्या घरी यायची होती. मी दादाला म्हटलं, तिला एवढ्यात आणू नको. तो म्हणाला, "किती दिस ठिवू तिकडं? त्यायचं बी घर एका खोलीचं हाय. अन् आपल्याच घरी पानी न्हाई म्हनून सांगू का मी?"

माय तर आधीपासूनच भेदरलेली. नात झाली तरी तिनं पेढा खाल्ला नाही. मला एकटीला गाठून म्हणाली, "तिची नखं बघितलीस का गं? तांबडी हायती ना?" मी हो म्हटलं. "आपल्या रक्तातलं उतरलं नसंल ना तिच्यात?"

तेव्हाही मी सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "माय, तिच्यासाठी आडाचं पाणी उकळू नको."

"उकळू नको तर काय कच्चं देऊ? नर्सबाईनं सांगितल्तं, उकळूनच द्यायचं."

मेळावा बागेतच होता. मांडव, खुर्च्या, जीवाणूचं द्रावण भरलेल्या बाटल्या, त्यांवर बापूसाहेबांच्या बागेचं नाव. आमच्या वस्तीतल्या बायका सकाळपासून अंगण झाडायला बोलावलेल्या. झाडून झाल्यावर त्या मांडवाच्या कडेला बसल्या. त्यांत माय होती. पाहुण्यांसाठी बागेतल्या बोअरचं गार पाणी होतं. बोअर खोल, तिथलं पाणीही मी तपासलं होतं. चांगलं होतं. बोअरशेजारी सिमेंटचा हौद, त्यात बापूसाहेबांची जनावरं पाणी प्यायची.

सर जीवाणूवर बोलले. मग माइक बापूसाहेबांकडे गेला. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"ही पोरगी आमच्याच गावची. हिची माय आमच्या गोठ्यातलं शेन काढती. आता ही कॉलेजात जाऊन शेनामातीतच हात घालून राह्यली. म्हंजी शिकून बी काम तेच!"

मांडव हसला. खुर्च्या हलतील इतका हसला. सरही हसले, मान खाली घालून, पण हसले. मी मायकडे बघितलं. ती पदर तोंडाशी धरून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे त्या डॉक्टरच्या दारात होतं.

या वेळी मी हसले नाही. मी माइक घेतला.

"बराबर बोललात, बापूसाहेब. काम तेच हाय. शेन कुनाचं, मुरतं कुठं, मरतं कोन, तेच शोधून राह्यले." मग मायकडे वळून म्हटलं, "माय, आडाची एक कळशी भरून आन."

माय उठली. कशाला ते तिनं विचारलं नाही. वस्ती खालीच होती, तिला यायला वेळ लागणार नव्हता. तोवर मी बोलले. चार पायऱ्या सांगितल्या. बापूसाहेबांच्या चरीत चार जनुकांचा जीवाणू आहे, आमच्या आडात पहिल्या पायरीवर थांबणारे आहेत, असंही सांगितलं. सर दोनदा म्हणाले, "बस. पुरे आता." मी थांबले नाही. मांडवातलं हसणं विरून गेलं होतं. बापूसाहेबांचा एक माणूस खुर्ची सोडून माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्याचा श्वास मला मानेवर कळत होता.

माय कळशी कमरेवर घेऊन आली. मी दोन ग्लास भरले. एक बापूसाहेबांपुढं ठेवला, एक सरांपुढं.

"घ्या."

बापूसाहेबांनी ग्लासाकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "माज आला काय गं?"

मी सरांकडे वळले. "सर, मोठ्या माणसाला ग्लासभर पाण्यानं काही होत नाही. तुम्हीच सांगितलंत. मग प्या."

सरांनी ग्लासाला हात लावला नाही. त्यांना माहीत होतं की त्या पाण्यानं त्यांना काही होणार नाही. आख्ख्या मांडवात हे पक्कं माहीत असलेली आम्ही दोघंच होतो. तरीही त्यांचा हात पुढं आला नाही. तेव्हा मला त्या कूलरचं उत्तर मिळालं. हे विज्ञान नव्हतं.

मी सरांपुढचा ग्लास उचलला आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकला.

मग मायकडे तोंड केलं. जे पुस्तकात वाचून इतकी वर्षं गिळलं होतं ते माइकवरून बोलले. तिला एकटीला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. "माय, भाऊ रक्तानं नाही गेला. या पाण्यात नायट्रेट आहे. ते उकळलं की आणखी दाट होतं. नर्सबाईलाही ठाऊक नव्हतं. तुझी चूक नाही. आपलं रक्त चांगलं आहे. पाणी यांनी नासवलं."

माय कळशी धरून उभी राहिली. वस्तीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यातल्या कितीजणींनी ओढ्याच्या काठाला लेकरू ठेवलेलं होतं.

"म्हंजी," माय म्हणाली, "रक्त न्हाई. पानी होतं."

"हो, माय."

"अन् म्या उकळून उकळून पाजलं."

तिनं कळशी उपडी केली. ते पाणी मांडवातल्या सतरंजीवरून बापूसाहेबांच्या पायापर्यंत गेलं. त्यांनी पाय वर घेतले. रिकामी कळशी घेऊन माय चालायला लागली, वस्तीकडे नाही, हौदाकडे. बायका तिच्या मागं. मी माइक खाली ठेवला आणि गेले.

बापूसाहेब ओरडले, "ए, मोटर बंद करा!" बोअरची मोटर बंद झाली. पाइपातून पाण्याची धार बारीक होत थांबली. पण हौद काठोकाठ भरलेला होता. जनावरांना चालतं ते पाणी. मायनं त्यात कळशी बुडवली. बुडबुडे आले, कळशी भरली. तिनं ती डोक्यावर घेतली. मांडवात माझ्या मागं उभा राहिलेल्या बापूसाहेबांच्या माणसानं तिचा हात धरला. मी त्याचा हात सोडवला. त्यानं मला ढकललं, मी हौदाच्या कडेवर पडले, कोपर फुटलं. रक्त आलं. मायनं ते बघितलं आणि डोक्यावरची कळशी सावरत म्हणाली, "लाल हाय."

दुसऱ्या दिवशी वहिनी आली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. वस्तीतल्या एकाही बाईला गावात काम मिळत नाही. माय गोठ्यावर जात नाही. दादाची मोटारसायकल वडीगोद्रीच्या सडकेवर कुणीतरी अडवली, त्याला मारलं नाही, फक्त नाव विचारलं आणि सोडलं. सरांनी बोलावून सांगितलं की आडाची पानं काढलीस तर अजूनही पदवी होऊ शकते. मी म्हटलं, "ती पानं राहू द्या. पदवी काढून टाका." प्रबंध तिथंच पडला आहे. मी डॉक्टर झाले नाही. एका डॉक्टरनं आमच्या घराचं जे केलं ते पुसायला ती पदवी तशीही पुरली नसती.

आडाच्या कठड्यावर मी डांबरानं लिहिलं आहे: लेकराला हे पाणी देऊ नका. उकळूनही देऊ नका. त्यावर कुणीतरी शेण फासतं. मी धुते आणि पुन्हा लिहिते. आमच्या बाजूचा उकिरडा वाढतो आहे. गाड्या आता रोज त्याच खड्ड्यात रिकाम्या होतात, आडाच्या आणखी जवळ.

भाची सहा महिन्यांची झाली नाही अजून. माय रोज सकाळी तिला अंगणात उजेडात घेऊन बसते, एकेक नख बघते आणि मगच चहा पिते. मग आम्ही हंडे घेऊन निघतो. हौदाभोवती बापूसाहेबांनी काटेरी तारेचं कुंपण घातलं आहे. काल दोन तारा तोडल्या. आज तीन नव्या दिसल्या, जाड, आणि कुंपणाआड दोन माणसं बसलेली.

माझ्या डोक्यावर हंडा आहे. माय पुढं चालली आहे. पिशवीत दादाची पक्कड आहे.